पदरातली कॉफी आणि मूठभर राख

दोन हजार पंचवीस साल. कागदावर माझं वय त्र्याहत्तर, आईच्या सांगण्याप्रमाणे पंचाहत्तर. मी आईचं धरतो. कागद लिहिणारा माझ्या जन्माच्या वेळी तिथं नव्हता, आई होती.

त्या सालच्या पौषात मी शहापूर तालुक्यातलं माझं गाव सोडून मुरबाडच्या अंगाला गेलो आणि वैशाखऱ्याच्या वर, डोंगराच्या पदरात, तीन रात्री राहून कॉफी बघून आलो. पदर म्हणजे कड्याच्या निम्म्यावर जी झाडीची सपाट पट्टी असते ती. खालून बघणाऱ्याला तिथं माणूस राहत असेल असं वाटत नाही. मलाही वाटलं नव्हतं. कॉफी तर सोडाच.

गेलो ते हौसेनं नाही. आमची धाकटी सून वनिता हिच्यामुळं गेलो. मुलगा वाशिंदला कारखान्यात जातो, शेत ती बघते. तिच्या बायकांच्या गटानं गेल्या वर्षी तिकडं एक फेरी केली आणि तेव्हापासून तिच्या डोक्यात कॉफी शिरली. घरामागच्या चढावर आमचं वरकस आहे, भात न होणारी चढाची जमीन, दीड-पावणेदोन एकर. ऐन, किंजळ ही झाडं आणि दोन फणस. तिथं सावलीत कॉफी लावू, आणि त्या वरच्या लोकांच्या सोसायटीत जाऊ, असं तिचं म्हणणं. सोसायटीची अट एकच, पण ती माझ्या मानेवर सुरी ठेवणारी: सावलीच्या झाडांना कोयता लावायचा नाही.

ज्यांना भातशेती माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडं थंडीत झाडांवर चढून फांद्या उतरवतात. त्या वाळवायच्या, उन्हाळ्यात भाताच्या रोपाच्या जागेवर पसरायच्या आणि भाजायच्या. त्याला राब म्हणतात. त्या राखेत रोप उठतं ते काळंशार. माझ्या बापानं राब केला, त्याच्या बापानं केला. कोयता न लागलेला ऐन दिसला की आमच्यात म्हणतात, या घरातला पुरुष मेला काय.

सातबारा माझ्या नावावर. सोसायटीच्या कागदावर सही माझी पाहिजे, आणि ती सोमवारच्या आत.

"बाबा, तुमी न बघताच नाय म्हणता," वनिता म्हणाली.

"बघितल्यावर पन नायच म्हणनार."

"मंग बघून म्हणा. निदान नाय तरी खरं होईल."

तिला मी सांगितलं नाही, पण मला एकदा फसवून झालेलं आहे. खूप वर्षांपूर्वी एक इस्त्रीच्या शर्टातला माणूस चंदनाची रोपं देऊन गेला होता. पंधरा वर्षांत सोनं होईल म्हणाला. झालं ते बाभळीसारखं काहीतरी, आणि तो माणूस पुन्हा दिसला नाही. तेव्हापासून जो माणूस झाडाबरोबर गोड बोलणं आणतो त्याचं मी आधी बोलणं बघतो, मग झाड.

टोकावडे

किन्हवली, सरळगाव हे सगळं एसटीतून झालं, त्याचं काय सांगायचं. टोकावड्याला उतरून धाब्यावर चहा घेतला. धाबेवाल्याला मुद्दाम विचारलं, वर कॉफी होते म्हणतात, खरं काय?

"कॉफी?" तो हसला. "आमी जन्मापासून हितं. वर माकडं हायत, करवंदं हायत. कॉफी पायजे तर पुडीतली देतो."

मी मनात गाठ बांधली. चार कोसांवरच्या माणसाला जे माहीत नाही ते माझ्या सुनेला माहीत.

वैशाखऱ्याला काळूराम न्यायला आला होता. चाळिशीचा ठाकर गडी, डोक्याला टॉवेल, सोसायटीचं काम तोच बघतो. "वनिताताईंचे सासरे ना तुमी?" म्हणाला. मी म्हटलं, "मी आधी माझा, मग कुनाचा सासरा." तो हसला. पिशवी मागितली, मी दिली नाही. अर्ध्या चढावर माझ्या चपलेचा अंगठा तुटला. त्यानं स्वतःची चपल काढून पुढं ठेवली. तीही घेतली नाही. उरलेला डोंगर अनवाणी चढलो आणि पायात काटा गेला तो घरी येऊन काढला.

पदरात

पहिली कॉफीची झाडं दिसली तेव्हा माझी खात्रीच पटली की हे खोटं आहे. माणसाच्या खांद्याएवढी झुडपं, आणि ती सगळी उंबर, ऐन, फणस यांच्या दाट सावलीत. भातवाल्याला सावली म्हणजे शत्रू. बांधावरच्या झाडाची सावली पडते तिथलं भात पोचट निघतं, हे पोरासोरांना कळतं. आणि इथं सावलीत पीक, तेही फांदीला चिकटून लाल बोरांचे घोस. मी एक तोडून चाखलं. साल गोडसर, आत दोन बिया पाठीला पाठ... नाही, पोटाला पोट लावून बसलेल्या.

वरचे ऐन बघितले. एकालाही कोयता नाही. वीस वर्षं एकट्यानं राहिलेल्या विधुरासारखे केस वाढवून उभे.

माझी सोय चांगुणाकडं होती. साठीची बाई, नवरा गेलेला, दोन्ही मुली खाली दिलेल्या. कारवीच्या कुडाचं घर, सारवण असं की त्यावर भात वाढून जेवावं. रात्री नाचणीची भाकरी, कडव्या वालाची आमटी आणि उकडलेले करांदे, रानातले कंद. आमच्याकडं तांदळाची भाकरी, नाचणी म्हणजे आजाऱ्याला. पण करांद्याचा कडवटपणा तिनं असा काढला होता की मी दोनदा मागून घेतले. जेवणावर कोरा चहा आला.

"कॉफी नाय?" मी विचारलं.

"आमी चाच पितो."

"सोता पिकवता आनि पीत नाय?"

"तुमच्याकडं गिरणीवाला पीठ खातो काय नुसतं?" चांगुणा म्हणाली.

उत्तर चांगलं होतं. पण जो आचारी आपल्या हातचं जेवत नाही त्याच्या घरून मी उपाशी येतो, असा माझा नियम.

मग तिनं सांगितलं की या वर्षी तिचा माचा निवडलाय. मला कळेना. समजावलं तेव्हा कळलं. कॉफीच्या बिया वाळवायला बांबूचे उंच माचे करतात, वर जाळी. पदरात एकवीस घरं, प्रत्येक घराचा माचा वेगळा. दरवर्षी त्यातला सगळ्यात चांगला माचा निवडून त्याचा नमुना चव घेणाऱ्यांकडं जातो, आणि त्या एका नमुन्यावरून सगळ्या पदराचा माल पास की नापास ते ठरतं. नमुन्याच्या पिशवीवर घराचं नाव लिहितात. बाईचं नाव आजवर गेलं नव्हतं.

"शुक्रवारी जानार माझा," ती म्हणाली. "काळूराम लिव्हनार हाय. चांगुणा, एवढंच. नवऱ्याचं नाय घालायचं म्हणून सांगितलंय."

दुसरा दिवस

सकाळी तोडणीला गेलो. फक्त लाल तोडायचं. एका घोसात चार लाल, दोन पिवळी, तीन हिरवी. पुन्हा आठवड्यानं यायचं. आम्ही भात कापतो ते एका बाजूनं सरळ, लोंबी पिकली की कोवळी ते विचारत नाही. हे म्हणजे प्रत्येक लोंबीला जाऊन विचारायचं, बाई तू तयार आहेस का.

मग टोपल्या पिंपात ओतल्या. तरंगलेली फळं काढून बाजूला. हे मात्र मला ओळखीचं निघालं. आम्ही बियाण्याचं भात मिठाच्या पाण्यात टाकतो, पोचट वर येतं. तेवढ्यापुरतं मला त्यांच्याबद्दल बरं वाटलं. पुढं हातानं फिरवायचं यंत्र, त्यात साल निघते. मग बी एक रात्र आंबवतात, धुतात, माच्यावर घालतात. टरफलासकट बी वाळते ती फिकट, नव्या सुपाच्या रंगाची. दर अर्ध्या घटकेला कुणीतरी जाऊन हातानं फिरवतं. दुपारी ऊन चढलं की वर कापड, संध्याकाळी दव पडायच्या आत पुन्हा कापड, कडा दाबून दगड. लेकरालासुद्धा एवढं कुणी पांघरत नाही.

दुपारी मी फणसाखाली आडवा झालो होतो. डोळे मिटले होते, पण झोप नव्हती. काळूराम आला. चांगुणाच्या माच्यापाशी उभा राहिला, इकडंतिकडं बघितलं, मूठभर बिया उचलल्या, वास घेतला, एक दातांनी फोडली आणि उरलेल्या खिशात घातल्या. बाकी कुठल्या माच्याला हात लावला नाही. फक्त हिच्या.

मला जे वाटायचं ते वाटलं. विधवा बाई, सगळ्यात चांगला माल, आणि सोसायटीचा माणूस मुठी मारतोय. आज मूठ, उद्या पायली. नमुना जाईपर्यंत तिच्या नावावर दुसऱ्याच कुणाचा माल जायचा.

सांगायला गेलो तर ती मानणार नाही. तिच्या तोंडी काळूराम काळूराम चालू. मग मी जे आमच्या खळ्यावर करतो ते केलं. भात झोडून रास पडली आणि उचलायला उशीर असला की आम्ही राशीवर राखेचे ठसे मारतो. मूठ राखेत बुडवून ओळीनं. कुणी हात घातला तर ठसा मोडतो, सकाळी कळतं. माझ्या बापाच्या राशीचा ठसा कधी मोडला नाही आणि माझ्याही नाही.

दिवेलागणीच्या आधी सगळे पाणी भरायला गेले. मी चुलीतली थंड राख घेतली, माच्यावरचं कापड उचललं आणि ठसे मारले. अकरा. चांगले उठले. कापड घातलं, दगड ठेवले. जिचं मीठ खाल्लं तिची राखण केली म्हणून त्या दिवशी मला जेवण गोड लागलं.

तिसरा दिवस

सकाळी चांगुणाच्या ओरडण्यानं जाग आली नाही, कारण ती ओरडली नाही. घराबाहेर आलो तेव्हा सात-आठ माणसं माच्यावर वाकून बघत होती.

ठसे मोडले नव्हते. पण मी कापडाच्या कडा नीट दाबल्या नव्हत्या. दव आत गेलं होतं आणि राख ओली होऊन बियांना चिकटली होती, खरकट्यासारखी.

"कुनी केलं हे?" काळूराम हळूच म्हणाला. "कॉफी शेजारचा वास ओढते. धुवायची सोय नाय, बारा दिवसांची वाळलेली हाय. पुन्ना भिजली की गेली."

एक म्हातारी म्हणाली, अकरा ठसे आहेत, कुणीतरी करणी केली. दुसरी बाई म्हणाली, करणी कशाला, ज्याचा माचा दुसऱ्या नंबरचा आहे त्याला विचारा ना. दुसऱ्या नंबरचा माचा काळूरामच्या भावाचा होता. तो तिथंच उभा होता. त्यानं नुसतं तिच्याकडं बघितलं, आणि ते बघणं मला कळलं, कारण अशा बघण्यावरून आमच्या गावात दोन घरं वीस वर्षं एकमेकांच्या लग्नाला गेली नाहीत.

मी गप्प राहू शकलो असतो. पाहुणा माणूस, वयानं मोठा, माझ्यावर कुणाचा संशय नव्हता. दुपारच्या गाडीनं निघून गेलो असतो. हे सगळं माझ्या मनात येऊन गेलं, लपवत नाही.

"ठसे माझे हायत," मी म्हटलं.

सगळे वळले. मग मी काळूरामला म्हटलं, "काल दुपारी तू बाईच्या माच्यावरची मूठ खिशात घातलीस. मी बघितली. म्हणून मारले."

काळूरामनं मला त्याच्या घरी नेलं. खिडकीत बरण्या होत्या, ओळीनं, बारा. प्रत्येकीत मूठभर बिया, प्रत्येकीवर चिठ्ठी. नमुन्याच्या माच्याची रोजची मूठ. रोज किती वाळली, रंग काय, वास काय. "दर वर्षी ठेवतो," तो म्हणाला. "उद्या कुनी म्हणाला नमुना बदलला, तर दाखवायला. आमचा पन कुनावर इश्वास नाय बाबा."

परत आलो तर चांगुणा माच्यापाशी एक खोकं ओढून बसली होती आणि राख लागलेली एकेक बी वेचून सुपात टाकत होती. मी दुसरं खोकं घेतलं.

दिवसभर वेचलं. आणखी चार बायका आल्या. माझी नजर लांबची चांगली, जवळची अधू. बी डोळ्यांपासून हातभर लांब धरून बघायची, मग ठरवायचं. म्हातारी म्हणाली, "बाबा बियांची कुंडली मांडतायत." दुसरी म्हणाली, "पोरगी बघायला आले, नाक वाकडं करतायत." मी पुढची बी उचलली. दुपारी चांगुणाच पहिल्यांदा बोलली.

"माझे सासरे पन मारायचे ठसे. खळ्यावर."

"मंग तुला कळलं असंल सकाळीच."

"कळलं. पन हितल्या कुनाला खळं नाय आता. म्हणून तुमी कवा बोलता त्याची वाट बघितली."

मान खाली घालून वेचत राहिलो. ऊन उतरलं तेव्हा सुपात राखेच्या बिया पायलीभर झाल्या आणि माच्यावर एकही डाग उरला नव्हता. मी दोनदा तपासला. स्वतःच्या भाताला एवढं तपासलेलं नाही.

चौथा दिवस

नमुना जायचा दिवस. काळूरामनं चांगुणाच्या माच्यावरच्या थोड्या बिया कांडल्या, तव्यावर भाजल्या, भरडून गरम पाण्यात घातल्या. शेजारी त्याच्या भावाच्या माच्याच्या. वाट्या फिरल्या. पदरात मी पहिल्यांदा कॉफी प्यायलो. दूध नाही, साखर नाही. भाजलेल्या कुळथासारखी सुरुवात, मागून आवळा खाऊन पाणी प्यावं तशी गोडी. वाईट म्हणणार नाही. राख तर कुठंच नव्हती.

"राख लागत नाय," काळूराम म्हणाला. त्याचा भाऊही म्हणाला, नाय लागत. म्हातारी म्हणाली, नाय. मी तर सगळ्यांच्या आधी म्हटलं होतं.

चांगुणानं वाटी पुन्हा तोंडाला लावली. तोंडात धरली, थुंकली. पुन्हा घेतली.

"माझा माचा नको," ती म्हणाली.

"अगो, कुनाला लागत नाय तर तुला काय," मी म्हटलं.

"मला पन लागत नाय. पन मी उद्या इचार करनार, लागत असंल काय. तिकडचा मानूस आमच्यापेक्षा शंभर वाट्या जास्ती पिलेला. त्याला लागली तर एकवीस घरांचं जाईल."

"अगो, एकेक बी बघितली मी. दोनदा."

"तुमी एकेक बघितली. मी सगळ्या बघितल्या." ती काळूरामकडं वळली. "तुज्या भावाचा लिव्ह. माझा पुढल्या सालाला."

काळूरामच्या भावानं नको म्हटलं. दोनदा म्हटलं. तिनं ऐकलं नाही. त्याचं नाव पिशवीवर लिहिलं गेलं तेव्हा ती तिथं उभी होती आणि अक्षर नीट येतंय का ते वाकून बघत होती, जरी तिला वाचता येत नाही.

मी जन्मभर लोकांकडून संशयी म्हणून ऐकत आलो. बायकोनं म्हटलं, भावांनी म्हटलं, व्याह्यांनी तर लग्नाच्या मांडवात म्हटलं. पण माझा संशय कायम दुसऱ्याच्या राशीवर असतो. स्वतःच्या राशीवर संशय घेऊन ती बाजूला सारणारी माणसं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. चंदनवाल्या माणसानं स्वतःच्या रोपाकडं असं एकदा जरी बघितलं असतं, तर ते त्यानं माझ्या दारात आणलं नसतं.

निघताना चांगुणाला मी काही बोलणार होतो. आमच्यात माफी मागायची म्हणजे काय बोलतात ते मला आठवेना, कारण मी ती मागितलेली नाही. तिनं एक गाठोडं माझ्या हातात दिलं. राखेच्या बियांचं.

"हे मी कशाला नेऊ?"

"तुमचा ठसा हाय त्याच्यावर," ती म्हणाली. "तुमची रास."

उतार लागेपर्यंत सगळ्या बायका हसत होत्या. काळूरामनं चपल पुढं केली. या वेळी घातली. वैशाखऱ्याला परत दिली.

घरी

संध्याकाळी घरी पोचलो. वनितानं पाणी दिलं, भाकरी दिली. गाठोडं उघडून बघितलं, वास घेतला. "राख कशाला लावली त्यांनी?" म्हणाली.

"त्यांनी नाय लावली."

ती पुढं विचारेल म्हणून मी जेवण लवकर आटपलं. पण तिनं विचारलं नाही. फक्त म्हणाली, राबाच्या फांद्या तोडायला तुमी जायच्या आधी ठरवलेला माणूस उद्या सकाळी येणार आहे, त्याला काय सांगू? मी म्हटलं, येऊ दे.

दुसऱ्या दिवशी तो यायच्या आधी मी उठलो. चुलीतली राख डब्यात घेतली, पाणी घातलं, ढवळली. वनिता दारात उभी राहून बघत होती. कोयता घेतला नाही. वरकसावर गेलो. खालच्या बांधाची झाडं त्याच्या कोयत्याला सोडली. राबाला ती पुरतील, नाही पुरली तर शेण घालीन. वरच्या चढावरचे ऐन आणि किंजळ, आणि दोन फणस, एकेकापाशी उभा राहिलो आणि प्रत्येकाच्या खोडावर, कोयतेवाल्याच्या नजरेला पडेल अशा उंचीवर, मूठ राखेत बुडवून ठसा मारला.